कुरणशाळेपासून आज्ञावलीपर्यंत

संगणकाने कोणते काम, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या अटींवर करावे हे सांगणाऱ्या सूचनांच्या संचाला आज्ञावली किंवा रोजच्या बोलण्यात सॉफ्टवेअर म्हणतात, आणि ते लिहिणे हा गेल्या तीन दशकांत महाराष्ट्रातील शिकलेल्या तरुणांच्या उपजीविकेचा एक प्रमुख मार्ग झाला आहे. पुण्याच्या हिंजवडीत, मुंबईच्या पवईत किंवा नवी मुंबईच्या ऐरोलीत हे काम करणाऱ्या तरुणाला आपल्या कामाचा विचार पगार, बढती, परदेशी ग्राहक आणि सतत बदलणारे तंत्र एवढ्याच चौकटीत करण्याची सवय लागते, कारण त्याचे शिक्षण आणि त्याची नोकरी ही दोन्ही त्याला तेच शिकवतात. परंतु रेशनचे धान्य, मजुरीचे पैसे, बालकाचे वजन, जमिनीचा सातबारा आणि विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती या सर्व गोष्टी आज कुठल्या ना कुठल्या आज्ञावलीतून जात असल्यामुळे, तिच्यात घातलेली प्रत्येक अट ही कुणाच्या तरी आयुष्याविषयी दूर बसून घेतलेला निर्णय ठरते. या निर्णयांचे बरेवाईट परिणाम जेथे उघड दिसतात, अशा ठिकाणांपैकी पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके आहेत. साधन घडवणारा आणि त्या साधनातील चूक सोसणारा यांच्यातील अंतर वाढले की साधन बिघडते, आणि हे अंतर मिटवण्याची रीत याच जिल्ह्यातील शिक्षणकार्याने फार पूर्वी घालून दिली आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

डोंगरावरचे दोन तालुके

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसलेले जव्हार ही मुकणे घराण्याच्या महादेव कोळी संस्थानाची राजधानी होती. हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा जव्हार आणि मोखाडा हे तालुके त्यात गेले. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या १,४०,१८७ आणि मोखाड्याची ८३,४५३ होती, आणि दोन्हीकडे दहातील नऊहून अधिक माणसे अनुसूचित जमातींची, म्हणजे वारली, महादेव कोळी, कोकणा, ठाकूर, कातकरी या समाजांची आहेत. पाऊस भरपूर पडतो, परंतु उतारावरची उथळ जमीन तो धरून ठेवत नाही. त्यामुळे भात, नागली, वरई आणि उडीद यांचे एक खरीप पीक घेतले की शेतीचे काम संपते आणि उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईला दररोज ४५.५ कोटी लिटर पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे उभे आहे, ही वस्तुस्थिती या टंचाईबरोबरच लक्षात घ्यावी लागते.

भाताची झोडणी आटोपली आणि दिवाळी उलटली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, वाडा या भागांतील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, आधी घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तेथे राबून फेडतात, होळीला गावी येतात आणि पुष्कळदा पुन्हा परत जातात. घराला कुलूप, शाळेच्या पटावर नाव, रेशनकार्ड गावचे आणि माणूस भट्टीवर, ही अवस्था येथे अपवादाची नाही. वर्षातले अनेक महिने हीच येथील रीत असते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे शंभराहून अधिक बालके कुपोषण आणि त्यातून बळावलेल्या आजारांनी दगावली, आणि त्यानंतर या भागाकडे शासनाचे, न्यायालयांचे आणि वृत्तपत्रांचे लक्ष वेधले गेले. आरोग्य, आहार आणि रोजगार यांच्या अनेक योजना तेव्हापासून येथे आल्या, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत त्या योजनांच्या पाठोपाठ त्यांच्या आज्ञावल्याही आल्या.

हजेरीचा फोटो आणि जन्मतारखेचा रकाना

या आज्ञावल्यांपैकी सर्वांत बोलके उदाहरण रोजगार हमीच्या हजेरीचे आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेली आणि १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळालेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना ही देशाला दिशा देणारी ठरली, आणि २००५ चा केंद्रीय कायदा तिच्याच अनुभवावर उभा राहिला. या कामांवरची हजेरी पूर्वी कागदी हजेरीपटावर, म्हणजे मस्टरवर घेतली जात असे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२३ पासून ती मोबाइलवरील एका अॅपमधून, दिवसातून दोनदा, कामाच्या जागेच्या अक्षांश-रेखांशासह मजुरांचा फोटो काढून घेणे सक्तीचे केले. खोट्या हजेऱ्या थांबवणे हा त्यामागचा हेतू रास्त होता, कारण बोगस नावांवर पैसे उचलले जाण्याचा इतिहास खरा आहे आणि त्यात नुकसान मजुरांचेच झालेले आहे.

परंतु त्या अॅपमध्ये तीन गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या, आणि मजगीच्या कामावर, म्हणजे उतारावर भातखाचरे पाडण्याच्या कामावर, त्या तिन्ही अडतात. पहिले गृहीत असे की कामाच्या जागेजवळ मोबाइलची रेंज असेल. प्रत्यक्षात फोटो रेंजशिवाय टिपता आला तरी तो पाठवण्यासाठी रेंज लागते, आणि दरीतल्या पाड्यावर काम चालू असेल तर ग्रामरोजगार सेवकाला टेकडी चढून ती शोधावी लागते. दुसरे गृहीत असे की मजुरी कामाच्या तासांवर ठरते. महाराष्ट्रात ती खोदलेल्या मातीच्या मोजमापावर ठरते, आणि त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे लवकर येऊन ऊन चढण्याआधी नेमून दिलेले काम संपवणे ही मजुरांची जुनी आणि शहाणी पद्धत आहे. दुपारच्या दुसऱ्या फोटोसाठी काम संपलेल्या बाईला उन्हात थांबावे लागते किंवा घरी जाऊन परत यावे लागते. तिसरे गृहीत असे की फोटो असला म्हणजे सत्यता आली. परंतु जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच असे परिपत्रक काढावे लागले की कामाशी संबंध नसलेले फोटो आणि फोटोंचेच काढलेले फोटो या प्रणालीत भरले जात आहेत. फसवणूक करणाऱ्याला वाट सापडली, आणि प्रामाणिक मजुराच्या वाट्याला ताटकळणे आले, असा हा हिशेब आहे. हे अॅप लिहिणारा तरुण अकुशल नव्हता आणि त्याचा हेतूही वाईट नव्हता; मजगीचे काम कसे चालते हे त्याला कुणी सांगितले नव्हते आणि ते विचारण्याची सोय त्याच्या कामाच्या रचनेतच नव्हती.

याहून बारीक आणि म्हणून सहज नजरेआड होणारे उदाहरण जन्मतारखेच्या रकान्याचे आहे. महाराष्ट्रातील खेड्यांमध्ये शाळेत नाव घालताना ज्या मुलाची जन्मतारीख घरच्यांना सांगता येत नसे, त्याच्या नावापुढे गुरुजी अंदाजाचे वर्ष धरून १ जून ही तारीख लिहीत, आणि आधार नोंदणीच्या वेळी अशाच लोकांच्या कार्डावर १ जानेवारी पडली. कागदाच्या नोंदवहीत अंदाजाला जागा होती, कारण गुरुजींना ते मूल ठाऊक होते आणि पुढे काही अडले तर ग्रामसभा किंवा तलाठी ओळख पटवत. बहुतेक संगणकीय अर्जांत मात्र तो रकाना रिकामा सोडता येत नाही आणि अंदाज म्हणून भरताही येत नाही. आज्ञावलीला तारीख हवी असते, मग ती खरी असो वा नसो. पुढे शाळेच्या दाखल्यावरची १ जून आणि आधारवरची १ जानेवारी जुळली नाही की शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, बँक खाते किंवा निवृत्तिवेतन अडते, आणि ते सोडवण्यासाठी एका कुटुंबाला पाड्यावरून जव्हार किंवा मोखाड्याच्या सेवा केंद्रात खेटे घालावे लागतात, ज्यात प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते. 'माहीत नाही' किंवा 'अंदाजे' असे उत्तर स्वीकारणारा एक पर्याय त्या रकान्यात देणे हे तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपे काम आहे, परंतु ते सुचण्यासाठी ज्याला आपली जन्मतारीख ठाऊक नाही असा माणूस प्रोग्रामरच्या विचारात असावा लागतो.

अंगणवाडीचा मोबाइल

पोषणाच्या क्षेत्रातही हाच धडा मिळाला, आणि तेथे त्यातून काही सुधारणाही झाली. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'पोषण ट्रॅकर' हे अॅप आणले, ज्यात अंगणवाडी सेविकेने प्रत्येक बालकाची उंची व वजन भरायचे आणि त्यावरून ते मूल अतितीव्र कुपोषित, म्हणजे 'सॅम', की मध्यम कुपोषित, म्हणजे 'मॅम', हे ठरायचे. माहिती इंग्रजीत भरावी लागते आणि दिलेले मोबाइल इतके कमी क्षमतेचे आहेत की ते चालत नाहीत, अशी महाराष्ट्रातील सेविकांची तक्रार होती, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी राज्यभर शासनाचे मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. आपल्या हातातले साधन आपल्या भाषेत आणि आपल्या कामाला पुरेसे असावे ही मागणी मानधनावर काम करणाऱ्या स्त्रियांनी संघटितपणे केली, आणि सॉफ्टवेअर शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावा असा हा प्रसंग आहे, कारण वापरणाऱ्याचे मत जाणून घेणे याला त्या शास्त्रात जे महत्त्व दिले जाते ते येथे रस्त्यावर उतरून मांडावे लागले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण स्थलांतराच्या नोंदीचे आहे. भिवंडीच्या भट्टीवर गेलेल्या बालकाचे नाव गावच्या अंगणवाडीत राहते, तेथे त्याला आहार मिळत नाही, आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीत त्याचे नाव नसल्यामुळे तेथेही मिळत नाही, ही जुनी अडचण होती. महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने २०२१ मध्ये स्थलांतरित गरोदर माता, स्तनदा माता आणि बालकांचा माग ठेवणारी एक प्रणाली पालघरसह काही जिल्ह्यांत प्रथम वापरून पाहिली आणि नंतर ती राज्यभर नेली; सेविका कुटुंब निघताना ते कोठे जाणार याची नोंद करते आणि तेथील सेविकेला ती पोहोचते. प्रत्यक्षातली अंमलबजावणी माणसांवर अवलंबून असली तरी या आज्ञावलीची सुरुवात योग्य जागेपासून झाली आहे, कारण माणूस एका जागी राहतो असे तिने गृहीत धरले नाही. दिवाळी ते पावसाळा हे येथील जीवनाचे खरे वेळापत्रक आहे, आणि आज्ञावलीने त्याच्याशी जुळवून घेतले.

मुलाच्या मागे गेलेली शाळा

जीवनक्रमाशी जुळवून घेण्याचा हा विचार पालघर जिल्ह्याला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी दोष मुलांना किंवा पालकांना दिला नाही. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेऊन भरवली, आणि अंगणवाडी या कल्पनेचे एक मूळ त्या प्रयोगात आहे. मोठी मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत नसतात हे लक्षात आल्यावर शिक्षकाने पाटी-पुस्तक घेऊन कुरणावर जायचे अशी कुरणशाळा त्यांनी काढली. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने वसई-भिवंडी परिसरातील वीटभट्ट्यांवर, मजुरांच्या झोपड्यांजवळच, तशाच एका भोंग्यात, म्हणजे झोपडीत, भोंगाशाळा भरवल्या, कारण स्थलांतरित कुटुंबांची मुले तेथे होती. कुरणशाळा आणि भोंगाशाळा या दोन्हींत विचार एकच आहे : ज्याच्यासाठी संस्था आहे त्याचा दिवस आणि त्याचे वर्ष आधी समजून घ्यावे आणि संस्थेचे वेळापत्रक मागाहून आखावे.

त्याच्या विरुद्ध टोकाचा प्रयोगही महाराष्ट्राने पाहिला आहे. निकोलस नेग्रोपोंटे यांच्या पुढाकाराने 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही जागतिक चळवळ सुरू झाली, आणि २००७ मध्ये तिचा भारतातील पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या छोट्या गावातील शाळेत झाला. मुले उत्साहाने शिकली, परंतु साधन आणून दिले की शिक्षण आपोआप घडेल हा या चळवळीचा व्यापक दावा टिकला नाही. पेरू देशात लाखो लॅपटॉप वाटल्यानंतर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांच्या गणित व भाषेच्या गुणांत लक्षणीय वाढ आढळली नाही. साधन महत्त्वाचे असते, परंतु कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या मार्गदर्शनाखाली ते हाती येते यावर त्याचा उपयोग ठरतो.

हात आणि बुद्धी यांची फारकत हा भारतीय शिक्षणाचा जुना दोष आहे असे सांगत १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी 'नई तालीम' मांडली, जिच्यात एखादा उत्पादक उद्योग हे सर्व विषय शिकण्याचे माध्यम मानले होते. तोच धागा पुढे नेत डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत मागे पडलेली मुले तेथे वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती आणि माती-पाण्याची तपासणी करत विज्ञान शिकू लागली, आणि २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने संगणकाच्या मदतीने वस्तू घडवणारी 'फॅब लॅब' नावाची कार्यशाळाही तेथे आली. कोसबाड आणि पाबळ यांच्यातून मिळणारा निष्कर्ष सॉफ्टवेअरच्या शिक्षणालाही जसाच्या तसा लागू पडतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आज ग्रंथालयाची किंवा उपाहारगृहाची काल्पनिक आज्ञावली लिहायला दिली जाते, तिचा वापर कुणी करत नाही, आणि परीक्षा झाली की ती विसरली जाते. त्याऐवजी एखाद्या आश्रमशाळेच्या भांडाराचा, एखाद्या महिला बचत गटाचा किंवा दादरच्या बाजारात जाणाऱ्या जव्हारच्या मोगऱ्याचा हिशेब त्याने वर्षभर चालवून दाखवला, तर त्याला आज्ञावली लिहिणे आणि समाज समजणे ही दोन्ही कामे एकाच वेळी शिकता येतील.

त्याच मातीतले प्रोग्रामर

बाहेरच्या प्रोग्रामरने येऊन समजून घेणे हा उपाय अर्धाच आहे, आणि उरलेला अर्धा उपाय असा की ज्याला मजगी, भट्टी आणि रेशन दुकान लहानपणापासून ठाऊक आहे त्याच्याच हाती आज्ञावली यावी. जव्हार आणि मोखाडा येथे वरिष्ठ महाविद्यालये आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, अभियांत्रिकीच्या प्रवेशात राज्यात अनुसूचित जमातींसाठी सात टक्के जागा राखीव आहेत, आणि आश्रमशाळेतून निघून संगणकाच्या नोकरीपर्यंत पोहोचलेली पहिली पिढी आता या भागात दिसू लागली आहे. संगणक आणि इंटरनेट यांच्याशी परिचित अशा आदिवासी तरुणांनी डहाणू परिसरातून 'आदिवासी युवा शक्ती', संक्षेपाने 'आयुश', हे संघटन उभे केले, आणि त्यांच्या पाठपुराव्यातून वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या या कलेच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. तंत्राचे ज्ञान आणि समाजाची जाण एकाच माणसात आली की कोणते प्रश्न हाती घेतले जातात हे यातून दिसते.

भाषेचा प्रश्न असाच या तरुणांची वाट पाहत आहे. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये 'आदि वाणी' या भाषांतराच्या प्रणालीची प्राथमिक आवृत्ती सादर केली, आणि संताली, भिली, मुंडारी व गोंडी या चार भाषांपासून तिची सुरुवात झाली. वारली आणि कोकणा बोलींचा त्यांत समावेश नव्हता. भाषा समजणारे यंत्र घडवायचे तर त्या भाषेतील बोलणे आणि लेखन मोठ्या प्रमाणावर जमा करावे लागते. वारली आजी जेव्हा मुलाचा ताप, भाताचे बियाणे किंवा बोहाड्याच्या उत्सवातल्या सोंगांची कथा सांगते, तेव्हा ते कसे नोंदवावे, कोणत्या शब्दाला काय म्हणावे आणि ती नोंद कुणाच्या मालकीची असावी, हे ठरवण्याचा अधिकार तेथील लोकांकडेच असला पाहिजे. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा १९९६ चा कायदा, आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला जमीन, जंगल आणि परंपरा यांच्यावर निर्णयाचा अधिकार दिला आहे. गावाविषयी जमा होणारी माहिती हीसुद्धा गावाची संपत्ती मानून ग्रामसभेपुढे आणणे हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल ठरेल.

हे काम करण्यासाठी प्रत्येकाने मुंबई-पुण्याला जाऊन राहणे अपरिहार्य नाही. तामिळनाडूत झोहो या कंपनीने २०११ मध्ये तेनकाशीजवळच्या मत्तलंपारै या खेड्यात कार्यालय उघडले, आणि बारावी किंवा पदविका झालेल्या मुलांना विद्यावेतन देऊन सॉफ्टवेअर शिकवणारी तिची शाळा गेली दोन दशके चालू आहे. जव्हारला तशी कंपनी यावी ही अपेक्षा करण्याआधी, दोन्ही तालुक्यांत चालणाऱ्या शासकीय आज्ञावल्यांची देखभाल, दुरुस्ती आणि प्रशिक्षण यांचे काम स्थानिक पदवीधरांना देणे सहज शक्य आहे, आणि त्यातून दिवाळीनंतरच्या स्थलांतराला पर्याय म्हणून थोड्या का होईना नोकऱ्या निर्माण होतील.

काम, कल्पना आणि जबाबदारी

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' लोकांपुढे आल्यापासून आज्ञावली लिहिण्याचे काम यंत्रे पुष्कळ प्रमाणात करू लागली आहेत, आणि नव्याने नोकरीला लागणाऱ्या तरुणांच्या मनात स्वाभाविकच धास्ती आहे. ही धास्ती खोटी म्हणता येणार नाही, परंतु तिच्यातून कामाच्या मूल्याविषयी एक गोष्ट स्पष्ट होते. सांगितलेली आज्ञावली लिहून देणे जसजसे स्वस्त होत जाईल, तसतसे काय लिहावे, कोणासाठी लिहावे आणि काय लिहू नये हे ठरवणारा माणूस अधिक मोलाचा ठरेल. मजगीच्या कामावर दुसरा फोटो घेऊ नये, जन्मतारखेच्या रकान्यात अंदाजाला जागा ठेवावी आणि भट्टीवरच्या बाळाची नोंद त्याच्या मागे जावी, या तीन सूचना कोणतेही यंत्र आपण होऊन देणार नाही, कारण त्या देण्यासाठी त्या कामावर, त्या दाखल्यासाठीच्या रांगेत आणि त्या भट्टीवर कुणीतरी जाऊन उभे राहावे लागते.

म्हणून सॉफ्टवेअर घडवणाऱ्या तरुणाकडून समाजाने दानधर्माची किंवा सुट्टीतल्या समाजसेवेची मागणी करू नये. त्याने आपला व्यवसाय नीट करावा एवढीच मागणी पुरेशी आहे, आणि ती सोपी नाही. साधन सक्तीचे करण्याआधी ते सर्वांत अवघड ठिकाणी एक संपूर्ण वर्ष, म्हणजे भाताच्या आवणीपासून भट्टीवरून परतण्यापर्यंत, वापरून पाहावे. ते न चालल्यास कागदाचा पर्याय कायम ठेवावा. चूक झाली तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार तालुक्याच्या ठिकाणी, मराठी बोलणाऱ्या माणसाच्या हाती असावा. आणि साधनाच्या चुकीमुळे मजुरी किंवा आहार थांबला तर त्याचा भुर्दंड मजुरावर किंवा बालकावर पडू नये, हे नियम शासनाच्या प्रत्येक सॉफ्टवेअर कंत्राटात लिहिले जाऊ शकतात. ताराबाई आणि अनुताई कुरणावर गेल्या तेव्हा त्यांच्यापाशी पाटी आणि खडू एवढेच साधन होते, तरी त्यांची शाळा चालली, कारण मूल कोठे आहे हे त्यांनी आधी पाहिले होते. आजच्या प्रोग्रामरच्या हाती त्याहून कितीतरी सामर्थ्यवान साधन आहे, आणि म्हणूनच ते वापरण्याआधी माणूस कोठे आहे हे पाहण्याचे त्याचे कर्तव्य त्यांच्याहून अधिक मोठे आहे.